एका युनिटचा हिशेब

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत 'सर्वात चांगली वीज कोणती?' हा विषय दिला की निकाल जवळजवळ आधीच ठरलेला असतो. सौरऊर्जेवर बोलणारा मुलगा टाळ्या घेतो. कोळसा ज्याच्या वाट्याला आला तो बिचारा घाम पुसत खाली उतरतो. अणुऊर्जेवर बोलणाऱ्या मुलीकडे ऐकणारे जरा भीतीनेच पाहत असतात. आमच्या शाळेत गेली काही वर्षे मी हेच पाहते आहे, आणि दर वेळी वाटते की मुलांना विचारायचा प्रश्नच आपण घाईत विचारतो. म्हणून या महिन्यात हा विषय जरा किराणा दुकानातल्या हिशेबासारखा मांडून पाहू. एक युनिट वीज घ्यायची आणि विचारायचे, ती बनवायला काय लागले, ती कोणत्या वेळी मिळाली, आणि तिची कोणती किंमत आपल्या बिलावर छापलीच गेली नाही.

एक युनिट म्हणजे हजार वॅटची इस्त्री सलग तासभर चालली तर लागते तेवढी वीज. जुन्या पद्धतीचा ७५ वॅटचा पंखा तेवढ्याच विजेत तेरा तास फिरतो. फ्रीज, टीव्ही, दोन-तीन पंखे आणि दिवे असलेल्या साध्या घराला महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट लागतात. आपण हिशेबासाठी शंभर धरू.

वीज बनवण्याच्या बहुतेक पद्धती आतून एकच आहेत. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज वाहू लागते. सायकलचा डायनामो तेच करतो आणि चंद्रपूरचे अवाढव्य जनित्रही तेच करते. चाक कोण फिरवतो, एवढाच फरक. धरणावर पडते पाणी फिरवते, पवनचक्कीत वारा फिरवतो, कोळशाच्या आणि अणूच्या केंद्रात पाण्याची वाफ फिरवते. म्हणजे अणुवीज केंद्र हेही शेवटी पाणी उकळण्याचेच साधन आहे, फक्त चुलीत लाकडाऐवजी युरेनियम आहे, हे सांगितले की मुले हसतात आणि मग विसरत नाहीत. सौर पॅनेल मात्र या कुटुंबातले नाही. त्यात काहीच फिरत नाही, उन्हाने थेट वीज तयार होते.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण महाराष्ट्राचा त्यावर जुना हात आहे. टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ चे. कोयनेची वीज १९६२ पासून मिळू लागली आणि आज त्या प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट आहे. कोयना नदी खरे तर पूर्वेकडे कृष्णेला मिळणारी. तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला वळवले आहे आणि ते पोफळीच्या वीजगृहापर्यंत साडेचारशे मीटरहून जास्त खाली कोसळते. घराच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी असते ना, तेवढे पाणी एवढ्या उंचीवरून पडले की साधारण एक युनिट, फार तर थोडी जास्त, वीज मिळते. म्हणजे आपल्या घराला महिन्याला शंभरेक टाक्या पाणी. धूर नाही, राख नाही, आणि पाणी संपत नाही, ते पुढे वाशिष्ठीत जाते.

पाण्याच्या विजेचा मोठा गुण वेगळाच आहे. बटण दाबल्यावर काही मिनिटांत ती हजर होते. संध्याकाळी सात वाजता लाखो घरांत दिवे, पंखे, मिक्सर एकदम सुरू होतात तेव्हा अशा विजेची खरी किंमत कळते. पण कोयनेचे पाणी हवे तेवढे पश्चिमेला सोडता येत नाही. कृष्णा लवादाने वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली आहे, कारण तेच पाणी सातारा-सांगलीच्या शेतीला हवे असते. कमी पावसाच्या वर्षी वीज की ऊस, असा प्रश्न उभा राहतो.

आणि बिलावर न छापलेली किंमत? शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांची माणसे सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्यापर्यंत पांगली. त्यांच्या पुनर्वसनाची आंदोलने धरण होऊन पन्नास वर्षे उलटल्यावरही चालू होती. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तर जुन्या लोकांना अजून आठवतो. रमजानचे दिवस होते आणि पहाटेची, सहरीची वेळ. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. जलाशयातल्या पाण्याच्या भाराचा आणि या भूकंपांचा संबंध आहे असे अनेक भूशास्त्रज्ञ मानतात, आणि जगभरच्या अभ्यासात कोयनेचे उदाहरण दिले जाते. चिपळूणकरांचा अनुभव निराळा. वीज करून झाल्यावर हे पाणी कोळकेवाडीवरून वाशिष्ठीत येते. जुलै २०२१ च्या महापुरानंतर या पाण्याने पुरात किती भर घातली यावर शहरात कितीतरी दिवस वाद चालला. स्वच्छ वीज म्हणताना ही माणसे हिशेबात धरायला हवीत.

आता कोळसा. आपल्याकडच्या कोळशापासून एक युनिट वीज करायला साधारण साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. आपल्या शंभर युनिटांच्या घरासाठी महिन्याला पासष्ट-सत्तर किलो. भारतीय कोळशात राख फार, तिसरा हिस्सा आणि कधी त्याहून जास्त. म्हणजे आपण पंखा लावून झोपतो तेव्हा कुठेतरी आपल्या नावाची वीस किलोच्या वर राख दर महिन्याला साठते आणि नव्वद-शंभर किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ही राख आपल्या दारात आणून टाकली असती तर मोहल्ल्यात एका महिन्यात भांडणे झाली असती. ती चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळकडे पडते म्हणून आपण निश्चिंत आहोत. चंद्रपूरचे लोक उन्हाळ्यात दोन्ही सोसतात, वरून ऊन आणि आजूबाजूला केंद्राची व खाणींची धूळ.

कोळसा बदनाम असला तरी त्याची वीज दिवस-रात्र, पाऊस असो नसो, सारखी मिळते. महाराष्ट्राची विजेची गाडी आजही मुख्यतः त्याच्याच खांद्यावर चालते आणि उद्या सकाळी ती बंद करता येणार नाही. पण कोळशाची वीज पाणीही पिते, हे सहसा कोणी सांगत नाही. वाफ थंड करायला, राख वाहून न्यायला पाणी लागते, एका युनिटला साधारण तीन ते चार लिटर. ऐकायला किरकोळ वाटते. पण अडीचशे मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला तर साठ लाख युनिट होतात. त्याला रोज चार हजार टनांच्या आसपास कोळसा, म्हणजे जवळपास एक अख्खी मालगाडी, आणि दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर दोन हजार टँकर, रोज. आणि हे केंद्र कुठे, तर बीड जिल्ह्यातल्या परळीत, जिथे गावोगावच्या बायका टँकरची वाट पाहतात. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ मध्ये पुन्हा तेच. कोळसा होता, यंत्रे होती, कामगार होते. पाणी नव्हते.

वाशिष्ठीचा उल्लेख वर आला. कोयनेचे पाणी घेऊन ती नदी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला मिळते, आणि तिथेच आपल्या राज्याच्या वीज-इतिहासातला सर्वात महागडा धडा उभा आहे. नाव दाभोळ प्रकल्प, पण जागा खाडीच्या अलीकडे अंजनवेलला, गुहागर तालुक्यात. दाभोळकरांना नाव मिळाले, बाकी काही नाही. वायूवर चालणारे केंद्र तंत्राच्या दृष्टीने चांगलेच असते. त्याचा धूर कोळशापेक्षा खूपच कमी, राख नाही, आणि ते लवकर चालू-बंद करता येते. बिघडले ते कराराने. एन्रॉन कंपनीशी १९९३ मध्ये झालेल्या करारात वीज मंडळाने वीज उचलली नाही तरी ठरलेली रक्कम द्यायची होती, आणि किमतीचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तो नाफ्त्यावर. तेल भडकले, रुपया घसरला, आणि एका युनिटची किंमत काही महिन्यांत सात रुपयांच्या वर गेली. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉन स्वतःच अमेरिकेत दिवाळखोरीत निघाली. पुढे सरकारी कंपन्यांनी मिळून केंद्र पुन्हा उभे केले, तर वायूच मिळेना. यात दोष यंत्राचा नव्हता. वीज स्वस्त की महाग हे इंजिनिअर जेवढे ठरवतात तेवढेच करारावर सही करणारे ठरवतात, एवढे मुलांना कळले तरी पुरे.

अणूविषयी आपल्या वाचकांत दोन टोकाची मते आहेत, आणि कोकणातल्या घरांत तर हा विषय जेवणाच्या वेळी काढायचा नसतो. आधी आकडा पाहू. आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या अणुभट्टीत एक ग्रॅम नैसर्गिक युरेनियमपासून चाळीस ते पन्नास युनिट वीज मिळते. आपल्या घराला महिन्याला दोन-अडीच ग्रॅम. सत्तर किलो कोळशाच्या शेजारी हे ठेवून पाहा. धूर नाही, आणि वीज दिवस-रात्र सारखी. तारापूरला १९६९ पासून भारताचे पहिले अणुवीज केंद्र आहे. फ्रान्स आपली निम्म्याहून जास्त वीज अणूपासून करतो. उलट शेजारच्या जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये आपली शेवटची अणुकेंद्रे बंद केली. दोन्ही देश शिकलेले, दोन्हीकडे शास्त्रज्ञ आहेत, तरी उत्तरे उलटी. कारण प्रश्न एकट्या विज्ञानाचा नाही. वापरून झालेले इंधन हजारो वर्षे सांभाळायचे असते, आणि अपघात क्वचित होतो पण झाला तर गावच्या गाव सोडावे लागते. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमाने ते दाखवले.

त्याच्या पुढच्याच महिन्यात राजापूर तालुक्यातल्या साखरी नाटे गावात जैतापूर प्रकल्पाविरुद्धचे आंदोलन पेटले आणि पोलिसांच्या गोळीबारात गावातला एक तरुण मच्छीमार गेला. तेव्हा ९९०० मेगावॅटचा म्हणून आखलेला हा प्रकल्प. नाट्याची बहुतेक मुसलमान घरे मासेमारीवर जगतात. त्यांची जमीन प्रकल्पात फारशी जात नव्हती, त्यामुळे भरपाईच्या यादीत त्यांचे नाव ठळक नव्हते. जात होते ते समुद्राचे काम. अणुकेंद्र थंड ठेवायला समुद्राचे पाणी आत घेतात आणि कोमट करून परत सोडतात. मासळी त्या गरम पाण्यातून दूर गेली तर होडी कुठे न्यायची? सुरक्षेसाठी समुद्राचा पट्टा बंद झाला तर जाळे कुठे टाकायचे? हे प्रश्न अडाणीपणाचे आहेत असे तेव्हा काही शहाण्यांनी लिहिले होते. मला ते पूर्णपणे हिशेबाचे प्रश्न वाटतात. जमिनीला सातबारा असतो, समुद्राला नसतो, म्हणून समुद्रावर जगणाऱ्याचे नुकसान मोजायला कागदच नसतो. अणुवीज हवी की नको यावर चांगल्या माणसांत मतभेद असू शकतात. ज्याचे पोट जाते त्याच्या प्रश्नाला आधी उत्तर द्यावे, यावर मतभेद असायचे कारण नाही.

वारा आणि ऊन यांना इंधनच लागत नाही. त्यांची अडचण घड्याळाची आहे. पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर किंवा धुळ्याकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्यांची रांग पाहिली असेल. जून ते ऑगस्ट त्या जोरात फिरतात, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात, जेव्हा आपल्याला पंखा सर्वात जास्त हवा असतो, तेव्हा कित्येक दिवस नुसत्या उभ्या. वर्षभराची सरासरी काढली तर पाटीवर लिहिलेल्या क्षमतेच्या पाचवा ते चौथा हिस्सा वीज हाती येते. साखर कारखान्यांत उसाच्या चिपाडावर वीज करतात, तीही गळीत हंगामापुरती.

सौर पॅनेलचे घड्याळ तर लहान मुलालाही समजते. एक किलोवॅटचे पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देते, त्यातले बहुतेक सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान. रमजानमध्ये पहाटे चार वाजता सहरीसाठी घराघरात दिवे लागतात तेव्हा त्यातले शून्य. मगरिबनंतर इफ्तारची भांडी घासताना, तरावीहच्या वेळी मशिदीतले पंखे फिरताना, तेव्हाही शून्य. शेतकऱ्याला मात्र हीच वीज सोयीची, कारण रात्री बॅटरी घेऊन पंप सुरू करायला जाण्यापेक्षा, साप-विंचवाच्या भीतीपेक्षा, दिवसा पाणी देणे कधीही बरे. सौर कृषी वाहिनीच्या योजना यासाठीच आहेत. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला २०१३ पासून सव्वाशे मेगावॅटचा सौर प्रकल्प चालू आहे. माळरानावर तो बरा दिसतो, पण तेच माळरान कुणाच्या शेळ्या-मेंढ्यांचे कुरणही असते.

दिवसाची वीज रात्रीसाठी कशी राखायची, हा आता जगभरचा प्रश्न आहे. बॅटऱ्या आल्या आहेत आणि स्वस्त होत आहेत. दुसरी युक्ती आपल्याकडे घाटघरला पाहायला मिळते. वर एक तलाव, खाली एक तलाव. वीज जास्त असते तेव्हा पाणी पंपाने वर चढवायचे, वीज कमी पडली की तेच खाली सोडून अडीचशे मेगावॅट मिळवायचे. या व्यवहारात साधारण चार युनिट खर्च करून तीन परत मिळतात. वरवर तोट्याचा धंदा. पण दुपारी कोणाला नको असलेली चार युनिट देऊन संध्याकाळी सर्वांना हवी असलेली तीन मिळत असतील तर तो सौदा वाईट नाही.

म्हणून 'सर्वात चांगली वीज कोणती' याला माझे उत्तर विचारणाऱ्याला थोडे निराश करणारे आहे. दुपारसाठी ऊन, संध्याकाळच्या धांदलीसाठी कोयना, आणि रात्रभराच्या आधारासाठी सध्या तरी कोळसा, तोही वर्षागणिक कमी करत नेलेला. नुसता युनिटचा दर पाहून एकाला पहिला नंबर देणे म्हणजे वांगी आणि छत्री यांत स्वस्त काय, असे विचारण्यासारखे आहे.

आता घरातला प्रश्न, कारण गेले वर्षभर ओळखीच्या घरांत हाच विषय आहे. छतावर सौर पॅनेल बसवावे का? केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२४ च्या 'पीएम सूर्यघर' योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान ठरवले गेले. तीन किलोवॅटचा एकूण खर्च साधारण दीड ते दोन लाख धरा. इथे सौर आणि कोळसा यांतला खरा फरक खिशाला कळतो. कोळशाच्या विजेचे पैसे आपण दरमहा थोडे थोडे देतो, सौर विजेचे पंचवीस वर्षांचे पैसे पहिल्याच दिवशी मोजावे लागतात. बँका कर्ज देतात, पण आपल्यापैकी अनेक घरांना व्याजाचे कर्ज नको असते. अशा घरांनी मन घट्ट करून लहान सुरुवात करावी. एक किलोवॅट महिन्याला सुमारे १२० युनिट देते, म्हणजे आपल्या हिशेबातल्या घराला तेवढे पुरते. बायकांच्या भिशीतून फ्रीज घेतले गेले, तसे एक किलोवॅटही घेता येते. शंभर युनिट जाळणाऱ्या घराने विक्रेत्याच्या आग्रहाने तीन किलोवॅट बसवू नये. आपल्याकडे कमी वापराला दर कमी आणि जास्त वापराला चढता असतो, त्यामुळे तीनशेच्या वर युनिट जाणाऱ्या घराचे पैसे लवकर वसूल होतात, लहान घराचे उशिरा. आणि बिल शून्य होईल असे कोणी सांगितले तर स्थिर आकार तरी भरावाच लागतो, हे त्याला सांगा.

ज्या गोष्टीने सर्वात जास्त लोक नंतर चिडतात ती आधीच विचारून घ्यावी. बॅटरी नसलेली साधी सौर यंत्रणा लाइट गेली की स्वतःही बंद पडते, भर दुपारी, कडक उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती मुद्दाम तशी बनवलेली असते. लोडशेडिंगवरचा उपाय म्हणून पॅनेल घेणार असाल तर बॅटरीचा वेगळा खर्च धरा. दिवसा जास्तीची वीज महावितरणला देऊन रात्रीच्या वापरातून वळती करण्याचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज करायच्या महिन्यात जो नियम असेल तो कार्यालयात जाऊन विचारावा. कोकणात खाऱ्या हवेत लोखंडी सांगाडा लवकर गंजतो, म्हणून चांगल्या जस्ताच्या मुलाम्याचाच घ्यावा. आणि पावसाळ्याचे चार महिने युनिट बरेच कमी पडतात, म्हणून विक्रेत्याने मे महिन्याचा आकडा दाखवला तर त्याच्याकडे जुलैचाही मागा.

राहिला मीटरचा प्रश्न. अनुदानासाठी जोडणी अर्जदाराच्या नावावर लागते, आणि आपल्या कितीतरी घरांत मीटर अजून मरहूम दादांच्या नावावर आहे, वारसाची नोंद झालेली नाही, आणि वरचे छत तीन भावांचे सामाईक आहे. आधी मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती जोडून मीटरवरचे नाव बदलून घ्या. भावांशी, आणि वाटा असलेल्या बहिणींशीही, छताविषयी बोलून लेखी घ्या. एका किलोवॅटला शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते, म्हणजे तीन भावांनी एकेक किलोवॅट घेतला तरी तीनशे फुटांत भागते.